रक्त अळणी होतं तेव्हा



सोलापूरचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. पारा चाळिशी ओलांडतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना गळून गेल्यासारखं होतं आणि कुणीतरी म्हणतं, "अंगातलं मीठ कमी झालं असेल, मीठ-साखरेचं पाणी द्या." उन्हाने, जुलाबाने थकलेल्या माणसाला हा सल्ला योग्यच. पण जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, फार घामही नाही. उलट पाय सुजलेत, दम लागतोय आणि रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ ऐवजी १२० निघालं, तर? तेव्हा बहुधा मीठ घटलेलं नसतं, पाणी वाढलेलं असतं.

याचं एक कारण सहसा लक्षात येत नाही. हृदयाभोवती एक दुपदरी पिशवी असते. तिच्यात वंगणापुरतं, १५ ते ५० मिलिलिटर पाणी असतं. आपल्या देशात मुख्यतः क्षयरोगामुळे, शिवाय कर्करोग, थायरॉइडची कमतरता किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे तिथे जास्त पाणी साठतं. मग हृदयाला पुरतं फुलता येत नाही. आत येणारं रक्त कमी, म्हणून बाहेर जाणारंही कमी. मेंदूला वाटतं, शरीरातलं पाणीच आटलं. तो एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला लावतो. आमटीत पाणी वाढवलं की ती अळणी होते, तसंच रक्ताचं होतं.

इथे नुसतं मीठ वाढवून भागत नाही. हृदयाभोवतीचं पाणी सुईने काढलं की दाब सुटतो, लघवी मोकळी होते आणि सोडियम पुष्कळदा आपोआप वर येतं. सूज पाहून लघवीची गोळी मनाने घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरू शकतो. सोडियम फार झपाट्याने वाढवलं तरी मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून हे उपचार रुग्णालयातच व्हायला हवेत.

आडवं पडल्यावर दम लागणं, बसून पुढे वाकल्यावर बरं वाटणं, मानेच्या शिरा फुगणं, गुंगी येणं, असंबद्ध बोलणं, ही लक्षणं दिसली तर थांबू नका. हृदयाच्या इको तपासणीत हे पाणी काही मिनिटांत दिसतं. क्षयरोग निघाला तर सिव्हिलसह सरकारी दवाखान्यांत औषधं मोफत मिळतात. बरं वाटलं तरी ती मध्येच सोडू नका.

आणि अहवालात सोडियम कमी दिसलं, तर "ते का कमी झालं?" एवढं विचारल्याशिवाय डॉक्टरांसमोरून उठू नका.