नाव आणि वारसा



मनुष्य जातो आणि नाव मागे उरते, असे नेहमी म्हटले जाते. परंतु नाव कशाच्या आधाराने उरते, याचा विचार क्वचितच होतो. येवल्याच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर सर्वांना परिचित आहे. रामचंद्र पांडुरंग ऊर्फ तात्या टोपे १८१४ साली येवल्यात जन्मले, बालपणीच येथून गेले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फासावर चढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात तो शब्द पूर्ण केला. दोघांचाही येथील सहवास अल्प होता. तरीही गावाने त्यांना आपले मानले, कारण आपल्या निश्चयाचे मोल त्यांनी स्वतः चुकते केले.

दुसरे उत्तर मात्र विस्मृतीत गेले आहे. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी शामदास वालजी या गुजराती व्यापाऱ्यास येवल्यात वसविले आणि त्यातून येथे रेशमाचा धंदा उभा राहिला, अशी नोंद १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहे. हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक असेल. पण त्याने रोवलेला उद्योग चालू आहे. नाव पुसले गेले, कार्य टिकले. वारसा याहून निराळा काय असतो?

त्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या विणकरांची नावे तर कोठेच कोरलेली नाहीत. पदरावर मोर, मुनिया आणि असावली उमटते. विणणाऱ्याचे नाव उमटत नाही. हातमागावरील अस्सल पैठणीची नक्षी उलट बाजूसही सुलट बाजूसारखीच दिसते. कोणी पाहणार नाही, अशा बाजूकडेही विणकराने तितकेच लक्ष दिलेले असते. हीच त्याची खरी सही.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले. तथापि यंत्रमागावरील वस्त्र हातमागाचे म्हणून विकले गेले, तर ग्राहकाची फसवणूक होतेच. शिवाय त्या निनावी विणकराची एकुलती एक स्मृतीही पुसली जाते. त्याच्या मुलाने माग सोडला, तर दोष केवळ काळाचा म्हणता येणार नाही. पेढीवर बसणाऱ्याने खरे सांगावे, योग्य मोबदला द्यावा आणि शक्य तेथे विणकराचे नाव पावतीवर लिहावे. यास फार खर्च येत नाही.

धर्मशाळेच्या भिंतीवर दात्यांची नावे अवश्य असावीत. त्यांमुळे पुढच्यांस प्रेरणा मिळते. मात्र संगमरवरावरील अक्षरे झिजतात. ज्याचे काम दुसऱ्या हातांनी पुढे नेले, त्याला मात्र नावाची पाटी नसली तरी चालते. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील पन्नास वर्षांसाठी असे हात घडवावेत.

जय जिनेंद्र.