वसतिगृहातील मुलांना काय द्यावे?



सणावारी अपंग मुलांच्या वसतिगृहात गोडाचे जेवण देणाऱ्यांची पंचवटीत उणीव नाही. परंतु मुलांना रोज लागते ते नहाणीघर. गंगेवर जाणाऱ्या आपणांस पायऱ्यांचे काही वाटत नाही. चाकाच्या खुर्चीतली मुलगी मात्र एकाच पायरीशी अडते आणि आंघोळीसाठीही परस्वाधीन होते. वयात आलेल्या मुलीला हे किती जड जात असेल, हे आपणां बायकांना सांगावयास नको.

कोल्हापूरच्या नसीमा हुरझूक स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरणाऱ्या. ते दुःख जाणूनच त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली आणि अपंग मुलांसाठी वसतिगृह उभे केले.

उपाय साधे आहेत. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, तीन फुटी दार, भिंतीला धरावयास दांडा, बसल्या जागी हाताला येणारा नळ, आणि आतून लागणारी, पण अडचणीत बाहेरूनही उघडेल अशी कडी.

यंदा मिठाईबरोबर मोजपट्टीही नेऊ या. कोठे अडते, हे मुलांनाच विचारू या. मग चालकांच्या संमतीने निदान एक नहाणीघर मंडळाने नीट करून द्यावे, एवढी सूचना करून मी आपली रजा घेते.