योसेफाची श्रद्धा

परक्याने केलेला घात माणूस कालांतराने विसरतो. पण ज्यांच्या पंक्तीला बसून आपण लहानाचे मोठे झालो, त्यांनी केलेला घात सहसा विसरला जात नाही. अशा वेळी कोणी सज्जन समजूत घालतात की, झाले ते देवाच्या इच्छेने झाले, बऱ्यासाठीच झाले. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. ऐकणाऱ्याला मात्र ते जखमेवरच्या मिठासारखे झोंबते. ईश्वरी योजनेवर विश्वास ठेवायचा, म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणायचे नाही काय? हा प्रश्न मनात धरून बायबलातील 'उत्पत्ति' या पहिल्या ग्रंथाच्या शेवटच्या १४ अध्यायांकडे आज आपण वळू.

त्यांतील मुख्य कथा योसेफाची. कनान देशातील याकोबाचा हा लाडका मुलगा. बापाने त्याला खास झगा करून दिला होता. शिवाय सारे घर आपल्यापुढे नमत आहे, अशी स्वप्ने त्याला पडत, आणि ती तो भावांना सांगे. त्याच्या वयाच्या १७ व्या वर्षी मत्सराने पेटलेल्या भावांनी त्याचा झगा उतरवला, त्याला कोरड्या विहिरीत टाकले, आणि मग ते भाकर खावयास बसले. पुढे मिसर देशाकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना तो रुप्याच्या २० तुकड्यांना विकला गेला, आणि बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा तेवढा बापाकडे पोचला.

विहिरीत पडलेला योसेफ काय म्हणाला, हे कथाकार त्या ठिकाणी सांगत नाही. तो काकुळतीने विनवीत होता, हे आपल्याला कळते ते २० हून अधिक वर्षांनी, आणि तेही त्याच भावांच्या तोंडून. त्याची हाक वाया गेली नव्हती. अपराध्यांच्या मनात ती इतकी वर्षे घुमत राहिली होती.

मिसरात पोटीफर नावाच्या अंमलदाराच्या घरी तो गुलाम झाला, आणि मालकिणीच्या खोट्या आरोपामुळे तुरुंगात गेला. कोरड्या विहिरीसाठी मूळ हिब्रूत 'बोर' असा शब्द आहे. या अंधारकोठडीसाठीही पुढे तोच येतो. परमेश्वर त्याच्याबरोबर होता, असे कथाकार दोन्ही ठिकाणी आवर्जून सांगतो. परंतु पणजोबा अब्राहाम, आजोबा इसहाक आणि पिता याकोब यांच्याशी बोलणारा देव योसेफाशी मात्र साऱ्या कथेत प्रत्यक्ष एक शब्दही बोलत नाही.

मग या मौनात श्रद्धा दिसते कशी? एके सकाळी दोन कैद्यांचे चेहरे उतरलेले योसेफाला दिसतात, आणि तो त्यांना कारण विचारतो. एक फारो राजाचा प्यालेबरदार, दुसरा आचारी. स्वतः तुरुंगात असूनही दुसऱ्याची उदासी ओळखण्याइतके त्याचे मन जागे आहे. स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर तो प्यालेबरदाराला बजावतो की, मला चोरून आणले आहे, मी येथे काही अपराध केलेला नाही, तू सुटलास म्हणजे माझी आठवण ठेव. श्रद्धावंताने न्याय मागू नये, असे या ग्रंथाचे म्हणणे नव्हे. प्यालेबरदार सुटला आणि विसरला. आणखी दोन वर्षे तशीच गेली.

वयाच्या ३० व्या वर्षी योसेफ फारोपुढे उभा राहिला. सुकाळाच्या ७ वर्षांत त्याने धान्याची कोठारे भरली, ती पुढील ७ वर्षांच्या दुष्काळासाठी. तरीही धाकट्या मुलाचे नाव ठेवताना मिसराला तो आपल्या दुःखाचा देशच म्हणतो. धान्यासाठी आलेले भाऊ त्याला ओळखत नाहीत, आणि तोही लगेच मिठी मारत नाही, त्यांना पारखतो. धाकट्या बन्यामिनाला गुलाम म्हणून ठेवून घेण्याचा प्रसंग येतो, तेव्हा त्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला यहूदा पुढे सरसावतो. योसेफाला विकण्याची सूचना याच यहूदाची होती. हा पालट पाहिल्यावरच योसेफ आपली ओळख देतो आणि मोठ्याने रडतो.

बापाच्या मृत्यूनंतर भावांना पुन्हा सूडाचे भय वाटते. तेव्हा योसेफ सांगतो की, त्यांनी वाईट योजले होते, पण अनेकांचे प्राण वाचावेत म्हणून देवाने त्याचीच योजना भल्यासाठी केली. हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. वाईट ते वाईटच राहिले. शेवटचा शब्द मात्र त्याचा ठरला नाही. आणि श्रोतेहो, हे बोलतो कोण? ज्याने सोसले तो. विहिरीच्या काठावर उभे राहून हे वाक्य त्याला कोणी ऐकवलेले नाही. भावांनी तेव्हा ते उच्चारले असते, तर तो निर्लज्जपणा ठरला असता. शिवाय तो नुसता उपदेश करून थांबत नाही. भावांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचे वचन देतो.

मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ही कथाही आलीच. तरुण वयात दुष्काळापायी आईवडील गमावलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना आश्रय दिला होता. आपल्या वाट्याला आलेली भूक त्यांनी चांगली ठरवली नाही. दुसऱ्याची भूक मात्र त्यांनी ओळखली.

प्रत्येक योसेफाला कोठारांचा अधिकार मिळत नाही. कित्येकांचे आयुष्य अंधारकोठडीतच सरते. त्यांना देवाच्या योजनेचा अर्थ समजावून सांगण्याची घाई आपण करू नये. आपल्याकडून होण्याजोगे काम प्यालेबरदाराने न केलेले आहे: बाहेर आल्यावर आत राहिलेल्याची आठवण ठेवणे. आणि आपण स्वतःच आत असलो, तर शेजारच्याचा उतरलेला चेहरा पाहून, काय झाले, असे विचारण्याइतकी श्रद्धा त्या दिवसापुरती पुरे आहे.