वीक्सव्हिलची चार घरे



बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले. त्याच शहरात, ब्रुकलिनमध्ये, वीक्सव्हिल ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. जेम्स वीक्स या गोदी कामगाराने १८३८ मध्ये तिथे जमीन घेतली. तेव्हा त्या राज्यात काळ्या पुरुषाला २५० डॉलरची मालमत्ता असेल तरच मत होते. गोऱ्याला ही अट नव्हती. म्हणजे जमिनीचा तुकडा हाच मताचा दाखला!

पुढे वस्ती विस्मरणात गेली. १९६८ मध्ये विमानातून पाहणी करताना तिची चार लाकडी घरे नजरेस पडली. ती वाचवण्यासाठी शाळकरी मुलेही झटली, आणि १९७० मध्ये घरांना वारसा दर्जा मिळाला. भोवतालची घरभाडी मात्र वाढत गेली. दर्जा घरांना मिळतो, भाडेकरूंना नाही. २०१९ मध्ये तिथले वारसा केंद्र पैशाअभावी बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते तगवले. आपलेही पावतीपुस्तक दाराशीच ठेवले आहे.