पाणी बघून मासा



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं बचतीवर बोलावं, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. मी माशांवर बोलायची परवानगी मागून घेतली. कारण आपल्या बऱ्याच घरांत आता फिश टँक आलाय, आणि पोरांची तक्रार एकच असते : "मासे आणले की आठ दिवसांत मरतात."

तीन वर्षांमागं उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून आला. त्याच्या हट्टापायी निऑन टेट्रा आणले. हे मासे मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी पावसाच्या पाण्यासारखं मऊ, वर पालापाचोळा कुजून आम्लधर्मी झालेलं. घरी तपासणीची पट्टी बुडवली, तर सामू म्हणजे पीएच आठच्या वर, आणि जडपणाचा रंग शेवटच्या खान्याला. सामू उतरावा म्हणून मी टाकीत लिंबू पिळलं. संध्याकाळी उतरला, सकाळी परत चढला. पुन्हा लिंबू. चौथ्या दिवशी सगळे मासे तरंगले. नातवानं विचारलं, "आजोबा, मी जास्त खायला घातलं का?" मी गप्प बसलो.

नंतर अभ्यास केला. उत्तर आपल्या गावातच होतं. चैत्री यात्रेत आपण येडेश्वरीच्या चुन्याच्या रानात खडे वेचतो ना, तसलाच चुना आपल्या पाण्यात आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुना विरघळवत बोअरपर्यंत पोचतं. म्हणून साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गिझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. सामू ६.५ ते ८.५.

पाण्यात विरघळलेला हा चुना म्हणजे खात्यावरची शिल्लक समजा. थोडं आम्ल टाकलं, की ते शिलकीतून वळतं होतं आणि सामू परत जागेवर येतो. टाकतच राहिलात तर शिल्लक संपते आणि सामू एकदम कोसळतो. सामूचा एक आकडा म्हणजे आम्लतेत दहापट फरक. जड पाण्यापेक्षा ही रोजची उलथापालथ माशाला जास्त मारते.

तेव्हा पाणी बदलण्याच्या भानगडीत पडू नका, पाण्याला मानवेल तो मासा आणा. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणी आवडतं. गप्पी तर डास मारायला हौदात सोडतात, तोच. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड आपल्या पाण्यात रंग धरतात, पण भांडखोर. त्यांना मोठी टाकी लागते. गोल्डफिशलाही चालतं, जागा मात्र भरपूर हवी. आपल्याच देशातला झेब्रा डॅनिओ सोशिक आहे. निऑन आणि डिस्कस यांचा नाद सोडा.

आणखी तीन गोष्टी. एक, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागंच राहतात. नुसती बोअरची भर घालत गेलात तर जडपणा वाढत जातो. उडालेल्या पाण्याची भर साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यानं करा, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. दोन, टाकी निव्वळ आरओच्या पाण्यानं भरू नका. त्यात शिल्लकच नसते. तीन, खायला चिमूटभरच घाला. उरलेलं कुजून अमोनिया होतो, आणि सामू जास्त असलेल्या पाण्यात तो अधिक विषारी ठरतो.

आता शेवटचं. पस्तीस वर्षं कागद तपासल्याशिवाय मी कुणाचं कर्ज मंजूर केलं नाही, आणि मासे मात्र पाणी न तपासता आणले. माझा नातू आज दुसऱ्या रांगेत बसलाय. बाळा, तू जास्त खायला घातलं नव्हतंस. चूक माझी होती. ती त्याच दिवशी सांगायला हवी होती. घरी टाकीत मॉलीची पिल्लं झाली आहेत. कार्यक्रम झाला की सगळ्या पोरांना घेऊन ये.