बर्फ, बेकरी आणि कांदेपोहे
(पूर्णा येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाताळच्या हलक्याफुलक्या प्रेमपटांवर पूर्णेत व्याख्यान, हे फलकावर वाचून काही जण गालातल्या गालात हसले असतील. हसायला हरकत नाही. पण हे सिनेमे आता फार लांबचे राहिलेले नाहीत. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच नेटफ्लिक्स ते पुढे करायला लागतं. पुण्या-हैदराबादेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुली दिवसभर दमून खोलीवर आल्या की तेच लावतात. आपलीच लेकरं जे बघतात त्याबद्दल कपाळाला आठ्या न घालता एकदा नीट बोलावं, एवढाच हेतू.

गोष्ट एकच सांगतो, म्हणजे बाकीच्या सगळ्या कळतील. न्यूयॉर्कमध्ये एक मुलगी आहे. जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. साहेब कटकट्या, होणारा नवरा सदानकदा फोनवर. डिसेंबरात काहीतरी कारण निघतं आणि तिला गावी यावं लागतं. गावात आजीची बेकरी कर्जात बुडालेली. गावात एक सुतारही आहे. चौकड्यांचा शर्ट, रुंद खांदे, बहुधा विधुर, आणि त्याला एक चुणचुणीत मुलगी. दोघं आधी भांडतात. मग झाड सजवतात, बिस्किटं भाजतात, बर्फावर घसरून एकमेकांच्या अंगावर पडतात. शेवटची पंधरा मिनिटं उरली की एक गैरसमज होतो. २४ तारखेला रात्री तो मिटतो, बेकरी वाचते, पहिलं आणि शेवटचं चुंबन होतं, आणि वरून बर्फ पडायला लागतो. दुसऱ्या प्रकारात सुताराच्या जागी राजपुत्र असतो. तिसरा प्रकार मला तरी अजून सापडलेला नाही.

हा माल घाऊक बनवते ती हॉलमार्क ही अमेरिकी कंपनी. ती मुळात शुभेच्छापत्रांची. १९१० साली जॉइस हॉल नावाच्या तरुणाने कॅन्सस सिटीत चित्रांची पोस्टकार्डं विकून धंदा सुरू केला. पुढे तिची टीव्ही वाहिनी झाली, आणि २००९ पासून त्या वाहिनीने नाताळपर्यंत रोज असेच सिनेमे दाखवण्याचा रतीब लावला. २०१९ च्या हंगामात दोन वाहिन्या मिळून नवे कोरे चाळीस सिनेमे आले. एकेकाचं चित्रीकरण साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकतं, बरंचसं कॅनडात, आणि पुष्कळदा भर उन्हाळ्यात. घामाघूम झालेले नट लोकरी कोट घालून थंडीने कुडकुडण्याचा अभिनय करतात, आणि जमिनीवर फेस नि कापूस पसरून बर्फ केलेला असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात डिसेंबरात पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा खऱ्या थंडीत माणूस इतका गोड दिसत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

सणाचा हंगाम साधून करमणूक विकणं ही काही अमेरिकेची मिरास नव्हे. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, म्हणजे हॉलमार्कच्या एक वर्ष आधी. फराळाच्या ताटाशेजारी प्रेमकथा वाचायची सवय आपल्याला शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग या सिनेमांवर पहिला आक्षेप येतो तो ठरलेला: शेवट आधीच माहीत असतो. हा आक्षेप मला अगदी कच्चा वाटतो. २०१७ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने स्वतःच्याच प्रेक्षकांची थट्टा केली होती. ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ हा सिनेमा ५३ लोकांनी सलग १८ दिवस रोज बघितला, तुम्हाला इतकं कोणी दुखावलंय, असा त्यांचा सूर होता. जग हसलं. मला त्या ५३ जणांचा राग येत नाही आणि कीवही येत नाही. आपल्या गोदावरीकाठच्या पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ पूर्ण केलं. लग्न जमावं म्हणून उपवर मुली त्याचं पारायण करतात, ही चाल महाराष्ट्रात अजून आहे. कृष्ण येणार, रुक्मिणीला रथात घालून नेणार, हे काय पारायणाला बसलेल्या मुलीला माहीत नसतं? माहीत असतं म्हणूनच ती बसते. दिवसभर कशाचीच शाश्वती नसलेल्या माणसाला तासदीड तास एका गोष्टीची तरी खात्री हवी असते.

पण त्याच आख्यानात आणखी काय आहे ते बघा. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी आहे. त्याला बहीण शिशुपालाला द्यायची आहे, आणि त्याच्या हाताशी सैन्य आहे. रुक्मिणीला पत्र लिहावं लागतं, ते पोचवायला विश्वासाचा माणूस शोधावा लागतो, आणि हरणानंतर लढाई होते. शेवट ठरलेला असूनही वाट मोकळी नाही. हॉलमार्कची वाट मात्र झाडून, सडा घालून ठेवलेली असते. माझी खरी तक्रार तिथे आहे.

आधी या सिनेमांचं गारूड कशात आहे ते सांगतो, कारण ते खरंच आहे. ते आहे गावी परत येण्यात. पूर्णेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. १९०० साली निजामाच्या रेल्वेची गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज लाईन आली, १९१२ मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला, आणि तेव्हापासून गाव सोडून जायची सोय आपल्या दारात उभी आहे. देवगिरी आणि तपोवन मुंबईला नेतात, पनवेलची गाडी पुण्याला नेते. परत येणारे येतात ते सणाला, चार दिवसांसाठी. त्या सिनेमातली मुलगी परत येते आणि राहते. एवढ्या एका कारणासाठी मी त्यांना बरंच काही माफ करायला तयार आहे.

आपल्याकडे बाईचं परत येणं म्हणजे माहेर, आणि माहेर असतं लग्न झालेल्या बाईला. जात्यावर बसून बायकांनी ज्याची आस गायली ते हेच. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला गावोगाव बायकांच्या झुंडी लोटल्या त्याही यासाठीच. आपली परतीची गोष्ट रडवते, कारण सासरी परत जाण्याची तारीख तिच्या बोकांडी बसलेली असते. त्यांची नायिका बिनलग्नाची, कमावती आणि मनाची मालकीण. आपली तशी मुलगी दिवाळीला गावी आली तर काय होईल? दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एक फोटो घेऊन येईल आणि पाडव्याला पाहुणे कांदेपोहे खायला येतील. सुतार राहिला बाजूला.

आता उणिवा. काही भराभर सांगून टाकतो. या सिनेमांत बराच काळ नायक-नायिका गोरेच असायचे. २०१९ मध्ये हॉलमार्कने दोन बायकांचं लग्न दाखवणाऱ्या जाहिराती काढून टाकल्या, गदारोळ झाला, तो निर्णय मागे घेतला, आणि त्यानंतर पात्रांचे रंग आणि जोड्या हळूहळू बदलू लागल्या. दुसरं, नाताळाच्या सिनेमात येशू कुठे असतो? झाड असतं, टोपी असते, घंटा असते, देव्हारा रिकामा. वसईच्या ख्रिस्ती मराठी घरांत विचारा, नाताळच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ असतो, वाट बघण्याचा, आवर घालण्याचा. सिनेमात त्या चार आठवड्यांत फक्त खरेदी होते. आपल्याकडे जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलं. मराठवाड्यातला नाताळ हॉलमार्कपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्यात कापसाचा बर्फ नाही.

मोठी उणीव म्हणजे या सिनेमांत कोणी काम करत नाही. नायिकेची नोकरी सोडण्यासाठी असते. सुतार रंधा मारताना एकदा दिसतो, पुन्हा नाही. बेकरीचं कर्ज एका संध्याकाळच्या मेळ्यात फिटतं. कर्जाचा फास काय असतो हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, म्हणून ते फिटताना बघून मला आनंद होण्याऐवजी किंचित अपमान वाटतो.

याच जातकुळीत चांगलं काय असतं त्याचंही उदाहरण देतो, आणि ते रेल्वेचं आहे. १९९५ चा ‘व्हाईल यू वेअर स्लीपिंग’. सँड्रा बुलक यात शिकागोच्या लोकल स्टेशनवर खिडकीत बसून टोकन गोळा करते. आई-बाप नाहीत, घरी एक मांजर. साहेब नाताळच्या दिवशी तिचीच ड्यूटी लावतो, कारण बाकीच्यांना कुटुंब आहे, हिला नाही. इथल्या रेल्वे कॉलनीतल्या लोकांनो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री ड्यूटी कोणाच्या वाट्याला जाते आणि का जाते, हे तुम्ही मला सांगाल. रोज दिसणारा एक देखणा प्रवासी त्या दिवशी रुळांवर पडतो, ती उडी मारून त्याला वाचवते, तो बेशुद्धीत जातो, आणि गोंधळात त्याच्या घरचे तिला त्याची वाग्दत्त वधू समजतात. ती खरं बोलत नाही, कारण खरं बोलली तर ते भरलेलं घर पुन्हा हातचं जाईल. हळूहळू तिचं मन बसतं त्याच्या भावावर. शेवट ठरलेलाच, आणि तरी शेवटी तो भाऊ घरच्यांना घेऊन खिडकीपाशी येतो आणि टोकनच्या खाचेतून अंगठी आत सरकवतो, तेव्हा गळा दाटून येतो. ती खिडकी आपण दीड तास बघितलेली असते. त्या काचेमागे बसून सण काढणं म्हणजे काय हे आपल्याला कळलेलं असतं.

त्याहून जुना आहे एर्न्स्ट लुबिचचा १९४० चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’. बुडापेस्टमधलं एक दुकान, आणि त्यातले दोन नोकर. समोरासमोर एकमेकांचा तिटकारा, आणि नाव माहीत नसताना पत्रांतून एकमेकांवर प्रेम. सिनेमा हसवतो, पण त्यातल्या प्रत्येक नोकराच्या पोटात नोकरी जाण्याची भीती आहे, आणि नायकाची नोकरी नाताळच्या तोंडावर जातेही. दुकानाचा मालक तर जीव द्यायला निघतो. एवढं ओझं उचलूनही तो सिनेमा हलका राहतो. हलकेपणा ही अशी कसरत आहे. ओझंच काढून टाकलं तर कसरत कसली?

आपल्याकडे हे कोणाला जमलं? बासू चॅटर्जींना जमलं. ‘बातों बातों में’, १९७९. वांद्र्याचे ख्रिस्ती, वांद्रे ते चर्चगेट लोकल, अमोल पालेकर आणि टीना मुनीम. मुलीच्या आईला घसघशीत पगाराचा जावई हवा, आणि मुलगा बोहल्यावर चढायला कचरतो. डेव्हिड यांनी रंगवलेला तो मध्यस्थी करणारा अंकल तर आपल्या प्रत्येक गल्लीत असतो. त्यात बर्फ नाही, पण लोकलची गर्दी आहे, ऑफिसची वेळ आहे, पगाराची चौकशी आहे. अशा सिनेमाला मी शंभर राजपुत्र ओवाळून टाकीन.

मराठीतलं जवळचं उदाहरण सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’, २०१०. आई-बापांनी ठरवलेल्या मुलाला नकार द्यायला मुंबईची मुलगी पुण्याला येते, भलत्याच मुलाबरोबर दिवसभर भटकते, आणि शेवटी तो भलता नसून तोच असतो. आई-बाप वगळून केलेला कांदेपोह्यांचा कार्यक्रम, असं मी त्याला म्हणतो. मला तो आवडतो. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी नुसतं बोलून तो पेलून नेतात. पण एक गोष्ट बघा: पूर्ण सिनेमाभर त्या दोघांना नावंच नाहीत. युक्ती म्हणून झकास. पण नाव नाही म्हणजे आडनाव नाही, आणि आडनाव नाही म्हणजे पहिल्या भेटीत आपल्याकडे जो प्रश्न जिभेवर येतो तो विचारायची सोयच नाही. २०१५ च्या दुसऱ्या भागात नावं मिळाली: गौरी देशपांडे आणि गौतम प्रधान. दोन्ही घरं खुशीत, अडचण फक्त तिच्या मनाच्या घालमेलीची. पडद्यावर आडनाव आलं ते काहीही न अडवणारं आलं.

अडवणारं आडनाव वर्षभरात दुसरीकडून आलं. २०१६ चा ‘सैराट’ आठवा. त्याचा पहिला अर्धा भाग कुठल्याही नाताळपटाइतका गोड आहे. विहीर, बोटी, ट्रॅक्टर, अजय-अतुलचं वाद्यवृंदाचं संगीत. लोक थिएटरात उठून नाचले. मग पाटील आणि काळे ही दोन आडनावं जागी होतात, पोरं हैदराबादला पळतात, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी आपल्याला गोड सिनेमाची चव देऊन त्याची किंमत नंतर वसूल केली. त्यानंतर आडनाव लपवून केलेला मराठी प्रेमपट बघताना मला सारखं वाटत राहतं की दाराआड कोणीतरी उभं आहे.

म्हणजे प्रत्येक प्रेमकथेचा शेवट ‘सैराट’सारखाच करायचा का? मुळीच नाही. ज्यांची लग्नं घरच्यांशी झगडून, रडून, वर्ष-दोन वर्षं अबोला धरून शेवटी झाली आणि आता नीट चालली आहेत, अशी जोडपी या सभागृहातही असतील. मी कोणाला हात वर करायला सांगत नाही. त्यांच्यावर हसरा सिनेमा का निघू नये? रुक्मी आहे, लढाई आहे, शेवटी अक्षताही आहेत.

तेव्हा इथे कोणी लिहिणारं असेल तर एक मागणी करतो आणि थांबतो. पूर्णा जंक्शनवर दिवाळीच्या रात्री ड्यूटीला असलेली एक स्टेशन मास्तरीण घ्या. समोर एक लोको पायलट घ्या, ज्याची गाडी सिग्नलला अडकलेली आहे आणि ज्याच्या डब्यातल्या चकल्या नरम पडल्या आहेत. पहिल्या दहा मिनिटांत दोघांची आडनावं आणि दोघांचा पगार प्रेक्षकाला कळू द्या. मुलीच्या बापाला दोन प्रवेश भांडू द्या, आणि त्याची बाजूही नीट लिहा, त्याला खलनायक करू नका. बर्फ नको, धुकं आपल्याकडे फुकट आहे. शेवट खुशाल गोड करा. फक्त तिची नेमणूक इथेच राहणार की हिंगोलीला बदली होणार, आणि दोघांच्या रात्रपाळ्या जुळणार कशा, एवढं ठरवून मग त्यांचं लग्न लावा.