प्रिंट म्हणजे छाप
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई, आणि इतक्या वर्षांनीही मागच्याच बाकांवर जाऊन बसलेल्या माझ्या वर्गमित्रमैत्रिणींनो,

संयोजक मंडळींनी मला सांगितलं, "तुझ्या कामातलं काहीतरी सांग, पण दहा मिनिटांत, आणि झोप येणार नाही असं." माझं काम म्हणजे याद्या जुळवणं. चार ठिकाणांहून आलेला डेटा एकत्र करायचा, दुबार नोंदी काढायच्या, राहून गेलेलं शोधायचं. त्यासाठी मी पायथन नावाच्या भाषेत छोटे छोटे प्रोग्राम लिहिते. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. या भाषेत अगदी पहिल्या दिवशी शिकवतात ती आज्ञा म्हणजे प्रिंट. आज तिच्याबद्दलच बोलते, कारण आजच्या मेळाव्याची यादी तिच्याच हाताखालून गेली आहे.

प्रिंट म्हणजे छाप. पण ही आज्ञा दिल्यावर कागद बाहेर येत नाही, पडद्यावर अक्षरं उमटतात. मग नाव असं का? १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली, तीही शास्त्राच्या नसलेल्या मुलांनासुद्धा कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. तेव्हा त्या मुलांसमोर पडदा नव्हताच. टाइपरायटरसारखं टेलिटाइप यंत्र होतं, आणि ते सेकंदाला दहाएक अक्षरं या वेगानं खडखडत कागदावर उत्तर छापायचं. म्हणजे प्रिंट हा शब्द अक्षरशः खरा होता. कागद गेला, पडदा आला, शब्द राहिला. आपल्यापैकी ज्यांनी पुढे क्लासला जाऊन बेसिक गिरवलं, त्यांना '१० प्रिंट, २० गोटू १०' आठवत असेल. स्वतःच्या नावानं पडदा भरून टाकण्यात काय आनंद होता!

पायथनमध्ये हे अगदी सोपं आहे. प्रिंट लिहायचं, कंसात जे दाखवायचं ते ठेवायचं. अवतरणचिन्हात ठेवलं तर ते जसंच्या तसं उमटतं. चिन्हं न लावता 'नाव' असं लिहिलं, तर त्या नावाच्या डब्यात जे असेल ते उमटतं. दोन गोष्टी स्वल्पविरामानं दिल्या की मध्ये एक मोकळी जागा आपोआप पडते. पूर्वी हा कंस लागत नसे. ३ डिसेंबर २००८ ला पायथनची तिसरी आवृत्ती आली आणि कंस सक्तीचा झाला. एवढ्याशा कंसानं जगभरातले जुने प्रोग्राम अडून बसले. दुसऱ्या आवृत्तीला १ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळून घ्यावं लागलं. सरकारी फॉर्म बदलला की जुने फॉर्म किती वर्षं चालतात, ते आठवा.

आता यादीकडे येते. माझ्याकडे तीन याद्या आल्या. एक शाळेच्या जनरल रजिस्टरवरून टाइप केलेली, दुसरी व्हॉट्सॲप ग्रुपवरची, तिसरी मागच्या मेळाव्याची. चौथी एक छोटी यादी होती. आपल्यातून गेलेल्यांची. त्यात नऊ नावं होती. पहिल्या तीन याद्या एकत्र करायच्या, त्यातून चौथीतली नावं वगळायची, आणि उरलेल्यांच्या पाकिटांवर पत्ते छापायचे, असं काम होतं.

माझी एक सवय आहे. स्क्रिप्टनं काय ठेवलं यापेक्षा तिनं काय वगळलं ते मी आधी छापून बघते. आजकाल प्रोग्राम तपासायला भारी साधनं आहेत, आणि नवी मुलं जागोजागी प्रिंट घालणाऱ्याला जरा हसतात. हसू देत. वगळलेली नावं प्रिंट केली, आणि आकडा आला आठ.

नववं नाव दोन्ही याद्यांत होतं. मी दोन्ही एकाखाली एक प्रिंट केली. तंतोतंत सारखी. काना नाही, मात्रा नाही, मोकळी जागासुद्धा नाही. तरी मशीन म्हणत होतं, ही दोन वेगळी नावं आहेत.

त्याचं नाव इथे घेत नाही. त्याच्या आडनावात 'ऱ्ह' होता, एवढं सांगते. कुऱ्हाडीतला, गोऱ्हे या आडनावातला तोच. बाईंनी फळ्यावर ज्याची वेलांटीसारखी आडवी रेघ आपल्याकडून घटवून घेतली, तो हा अर्धा र. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, आपल्याला लागतो. आणि कॉम्प्युटरमध्ये तो लिहायच्या एकाहून अधिक रीती आहेत. 'गोऱ्हे' हा शब्द घ्या. र-खाली-टिंब हे एकच अक्षर वापरून लिहिला तर मशीनच्या लेखी त्याचे सहा तुकडे होतात. साधा र आणि त्याचं टिंब वेगळं दिलं तर सात. साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह दिलं, तरी सातच, पण हे सात निराळे. कुठला कीबोर्ड होता यावर ते ठरतं. पडद्यावर तिन्ही एकसारखी दिसतात.

प्रिंटचा स्वभावच तसा आहे. ती माणसासाठी छापते. जे वाचायचं तेवढं दाखवते, आतली शिवण दाखवत नाही. शिवण बघायची तर तिच्या कंसात आणखी एक शब्द घालावा लागतो, 'रेप्र'. मग नाव अवतरणचिन्हांसकट उमटतं, शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा लगेच दिसते, आणि न दिसणारं चिन्ह आपल्या क्रमांकासह बाहेर येतं. तसं छापल्यावर एका यादीतलं आडनाव जसंच्या तसं राहिलं, आणि दुसरीतल्याच्या पोटातून 'यू२००डी' असा क्रमांक निघाला. तेच ते जोडचिन्ह. टिंब वेगळं दिलेलं असेल तर मात्र 'रेप्र'लाही ते कळत नाही, तिथे 'आस्की' वापरावं लागतं. मग सगळी नावं एकाच रीतीत आणली, पुन्हा वगळलं, पुन्हा प्रिंट केलं. नऊ.

ते पाकीट गेलं असतं तर कुठे गेलं असतं, ते त्याच्या गल्लीत राहणाऱ्यांना माहीत आहे. काकू अजून त्याच घरात असतात. टपाल त्याच घेतात. 'स्नेहमेळाव्यास अगत्य यावे', आणि वर त्याचं नाव.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण इथे दोघंतिघं याच धंद्यातले आहेत. प्रिंटचं सगळं एकाच नळानं बाहेर पडतं. 'वाचतेय', 'झालं', 'नऊ वगळली' हे शेरे आणि खरी यादी, दोन्ही. यादी फाइलमध्ये वळवली की शेरेही तिच्यात जातात, आणि 'झालं' या नावाच्या माजी विद्यार्थ्याचंही पाकीट तयार होतं. गणिताच्या पेपरात सर कच्चं काम शेवटच्या पानावर करायला लावायचे ना? तशी पायथनमध्येही शेऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. प्रिंटला 'फाइल' म्हणून एसटीडीएरर सांगायचं, की शेरे पडद्यावर येतात आणि यादी कोरी राहते.

शेवटी एक विनंती. अंतिम यादी दाराजवळच्या टेबलावर खऱ्याखुऱ्या कागदावर छापून ठेवली आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींनी दोन्ही नावांनी शोधावं. शेजारी लाल पेन आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, किंवा र वाकडा पडला असेल, तर जेवायला जाण्याआधी दुरुस्त करून ठेवा. मी संध्याकाळी तो कागद घरी घेऊन जाणार आहे.